टँकरचा धूर आणि कंत्राटाचे गणित

(जत येथील कार्यकर्ता शिबिरात केलेले भाषण)



पर्यावरण हा विषय जतसारख्या तालुक्यात बोलावयास घेतला की ऐकणाऱ्यांच्या मनात साहजिकच एक शंका येते. जेथे उन्हाळ्यात घागरभर पाण्यासाठी दिवस मोडतो, तेथे धुराची चिंता कोणी करावी? ही शंका मी क्षुल्लक मानीत नाही. जून १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणाविषयीची पहिली जागतिक परिषद भरली, तेव्हा भारताच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी दारिद्र्य आणि गरज हीच सर्वांत मोठी प्रदूषके नव्हेत काय, अशा आशयाचा प्रश्न जगापुढे ठेवला होता. त्याच वर्षी महाराष्ट्रात पाऊस हुकला आणि ज्याची आठवण आजही माणदेशातून पुसली गेलेली नाही तो दुष्काळ पडला. तेव्हापासून दुष्काळी भागातील गरिबांना असे सांगितले जात आहे की आधी पाणी, मग पर्यावरण. हे दोन प्रश्न एकच कसे आहेत, आणि ते एकाच कंत्राटात कसे गुंतले आहेत, हे आज मला आपणापुढे मांडावयाचे आहे.

ते कंत्राट म्हणजे टँकरचे कंत्राट. वीज, रस्ते, पाणी अशा सार्वजनिक सेवा आता मोठ्या प्रमाणावर कंत्राटदारांच्या हाती गेल्या आहेत आणि त्यांच्या वाहनांचे ताफे आपल्या रस्त्यांवरून धावतात. पाश्चात्त्य देशांत अशा ताफ्यांचे प्रदूषण कसे कमी करावे याची चर्चा पुष्कळ होते. तेथील उपाय ठरलेले आहेत: नवी इंजिने घ्या, चालकांना सावकाश हाकण्याचे शिक्षण द्या, विजेवरची वाहने आणा. हे उपाय चुकीचे नाहीत. परंतु जतच्या टँकरला ते जसेच्या तसे लावले तर रोग हाताला लागत नाही, कारण येथील धुराचे मूळ इंजिनापेक्षा हिशेबाच्या पद्धतीत अधिक आहे.

हे समजण्यासाठी थोडे अंकगणित करू या. तीन हजार वस्तीचे एक गाव धरा. टँकरने पाणी देताना आपल्या राज्यात माणशी दररोज २० लिटर हे प्रमाण धरले जाते. म्हणजे गावाला रोज ६०,००० लिटर पाणी लागेल. बारा हजार लिटरच्या टँकरच्या पाच खेपा झाल्या. पाण्याचा उद्भव ३० किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन एका खेपेला ६० आणि दिवसाला ३०० किलोमीटर होतात. असे अवजड वाहन लिटरला चारएक किलोमीटर चालते असे धरले, तर दिवसाचे ७५ लिटर डिझेल झाले. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका गावामागे दिवसाला २०० किलो. टंचाईचे शंभर दिवस धरले तर साडेसात हजार लिटर डिझेल आणि वीस टन वायू. हे एका गावाचे झाले. जत हा सांगली जिल्ह्यातील क्षेत्रफळाने सर्वांत मोठा तालुका असून त्यात शंभराहून अधिक गावे आहेत, हे ध्यानी घ्यावे.

आता उपायांची तुलना करा. कंत्राटदाराने इंजिन नीट राखले, टायरांत हवा बरोबर ठेवली, चालकाने वेग आवरला आणि या सर्वांमुळे दहा टक्के डिझेल वाचले, तर दिवसाला साडेसात लिटर वाचतील. ते वाचवलेच पाहिजेत. परंतु उद्भव ३० किलोमीटरऐवजी १२ किलोमीटरवर शोधला, तर त्याच पाच खेपांना १२० किलोमीटर आणि ३० लिटर डिझेल लागेल. म्हणजे दिवसाला ४५ लिटर वाचतील, आणि त्यासाठी एकही नवे वाहन घ्यावे लागणार नाही. वाहन सुधारण्यापेक्षा अंतर कमी करणे सहापट फलदायी आहे. हे कोणत्याही टँकर-चालकाला ठाऊक असते. मग ते घडत का नाही?

ते घडत नाही, कारण कंत्राटदाराला पैसे कशाचे मिळतात हे आपण पाहत नाही. टँकरच्या भाड्याची आपल्याकडील रूढ पद्धत दुहेरी आहे: वाहनाच्या क्षमतेप्रमाणे दर दिवसाचे काही भाडे आणि त्याशिवाय धावलेल्या किलोमीटरमागे काही रक्कम. वरवर पाहता ही पद्धत न्याय्य वाटते, कारण लांबच्या गावाला जाणाऱ्याला जास्त डिझेल लागते. परंतु तिचा परिणाम काय होतो? जवळची विहीर ही गावाची सोय आणि कंत्राटदाराचा तोटा ठरते. गावाजवळून जलवाहिनी गेली की त्याची मिळकत घटते. रस्ता जितका लांब तितका धंदा मोठा. ज्या व्यवहारात डिझेल जाळणे हेच उत्पन्नाचे माप आहे, त्या व्यवहारात डिझेल वाचविण्याचा उपदेश म्हणजे व्यापाऱ्याला कमी विक्री करण्याचा सल्ला देण्यासारखे आहे.

टँकरच्या खोट्या खेपा दाखविल्या जातात ही तक्रार या राज्यात जुनी आहे. म्हणून शासनाने टँकरवर जीपीएस यंत्र बसविणे बंधनकारक केले. हे पाऊल योग्यच होते. परंतु जीपीएस फार तर वाहन खरेच धावले की नाही एवढे सांगते; ते धावणे आवश्यक होते की नाही, हे सांगत नाही. खोटी खेप पकडली जाते, अनावश्यक खेप मात्र नियमित ठरते. भ्रष्टाचाराविरुद्ध बोलणारे आपले अनेक मित्र येथेच थांबतात. माझे म्हणणे असे आहे की सर्व नोंदी अगदी खऱ्या असल्या तरी हा व्यवहार लोकांच्या विरुद्ध आणि हवेच्या विरुद्धच राहील.

या धुराची किंमत कोण देतो तेही पाहू या. डिझेल इंजिनाच्या धुरामुळे माणसाला कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली निःसंदिग्धपणे जाहीर केले. हा धूर प्रथम कोणाच्या छातीत जातो? चालकाच्या, क्लीनरच्या, आणि टँकर येताच घागरी-कळश्या घेऊन त्याला भिडणाऱ्या बायका-मुलांच्या. भरण्याच्या ठिकाणी वीज नसली की टँकरांची रांग लागते. पंप चालविण्यासाठी किंवा पुढे सरकण्यासाठी इंजिने चालू ठेवली जातात आणि उभ्या गाडीतही तासाला लिटर-दोन लिटर डिझेल जळते. चालकाला जेथे खेपेवर पैसे मिळतात, तेथे रांगेत गेलेला वेळ तो रस्त्यावर भरून काढतो. भरधाव टँकर, हिंदकळून रस्त्यावर सांडणारे पाणी, जादा डिझेल आणि अपघात ही एकाच मजुरीच्या पद्धतीची फळे आहेत. तेव्हा चालकाला सावकाश हाकावयास शिकविणारे वर्ग भरविण्याआधी त्याला निश्चित मासिक वेतन आणि मर्यादित कामाचे तास द्यावेत. पर्यावरणाचा तो अधिक खात्रीचा उपाय आहे.

आणखी एक भेद येथे स्पष्ट केला पाहिजे. ज्याच्या नावावर कंत्राट असते त्याचीच सर्व वाहने असतात असे नाही. कर्जावर एखादी जुनी गाडी घेऊन तिच्यावर टाकी बसविणारे लहान मालकही या धंद्यात आहेत. देशात एप्रिल २०२० पासून नव्या वाहनांना भारत स्टेज सहा हे कडक प्रमाण लागू झाले. पण जुन्या गाड्यांचा धूर त्यामुळे थांबलेला नाही. उद्या जुनी वाहने एकदम बंद करण्याचा हुकूम निघाला तर मोठा कंत्राटदार नवी गाडी घेईल आणि लहान मालक कर्जासह घरी बसेल. पर्यावरणाच्या नावाने असा अन्याय होऊ देता कामा नये. जुन्या गाडीच्या जागी नवी घेण्यासाठी लहान मालकांना आणि चालकांना सहकारी संस्था काढून स्वस्त कर्ज मिळाले पाहिजे आणि शासकीय कामात अशा संस्थांना अग्रक्रम मिळाला पाहिजे. सहकाराच्या जोरावर साखर कारखाने उभारणाऱ्या जिल्ह्याला हे अवघड नाही.

विजेवर चालणाऱ्या टँकरचे काय, असे कोणी विचारील. ठराविक ठिकाणाहून ठराविक गावी, दिवसातून चार-पाच वेळा, असा लहान फेरा हा बॅटरीच्या वाहनाला सोईचाच आहे. ज्या जतच्या माळावर पवनचक्क्या फिरताना दिसतात, तेथील टँकर डिझेलवर धावावेत यात विसंगती आहे. तथापि आपली वीज अद्याप बहुतांशी कोळशाची आहे आणि असे अवजड वाहन महाग आहे. प्रयोग अवश्य व्हावा. परंतु तीस किलोमीटरचे अनावश्यक अंतर विजेवर कापले तरी ते अनावश्यकच राहते.

मित्रहो, टँकरचा खरा पर्याय दुसरा टँकर नसून नळ आहे. त्याचेही गणित करता येते. तेच ६०,००० लिटर पाणी दोनशे मीटर उंच चढवावयाचे आहे असे धरा. पंपाची आणि मोटारीची गळती धरून त्यास पन्नास-पंचावन्न युनिट वीज लागेल. आजच्या बहुतांशी कोळशाच्या विजेचा हिशेब केला तर एका युनिटमागे सुमारे पाऊण किलो, म्हणजे दिवसाला ४० किलो वायू. लांब नळातील घर्षणामुळे वीज दुप्पट लागली तरी ८० किलोच होतील. टँकरचे २०० किलो याच्यापुढे ठेवून पाहा. आणि हीच वीज सूर्याची असेल तर धूर जवळपास नाहीच. म्हैसाळ योजनेचे पंप सौर विजेवर चालविण्यासाठी जर्मनीतील केएफडब्ल्यू बँकेच्या कर्जाच्या आधारे प्रकल्प आखण्यात आला आहे. या उपसा योजनांच्या वीजबिलाचा ८१ टक्के भार शासनाने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी उचलावा, असे सूत्र ठरले आहे. सौर विजेने बिल उतरले तर हा लाभ आवर्तनाच्या नियमितपणात आणि पिण्याच्या पाण्यात दिसला पाहिजे, हे पाहण्याचे काम आपले आहे.

रेल्वेचा अनुभवही आपल्याला जवळून पाहावयास मिळाला. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहर तहानेने व्याकुळ झाले तेव्हा मिरजेहून पाण्याची आगगाडी सोडण्यात आली. पहिल्या गाडीने दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी नेले. म्हणजे बारा हजार लिटरचे चाळीसहून अधिक टँकर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी पंचवीस लाख लिटर नेऊ लागली. जड माल दूर न्यावयाचा तर रस्त्यापेक्षा रेल्वेला कितीतरी कमी इंधन लागते, हे त्यातून लोकांसमोर आले. ही गाडी ज्या मिरज-पंढरपूर लोहमार्गाने गेली, त्याच मार्गावर ‘जत रोड’ नावाचे स्थानक आहे. लातूरच्या बांधवांना पाणी मिळाले याचा आपल्याला आनंदच आहे. पण संकट शहराचे झाले की राज्ययंत्रणा आठवड्यात रूळ शोधते, आणि संकट वाड्यावस्त्यांचे असले की पिढ्यान्‌पिढ्या टँकर पाठविते, हा त्यातील धडा विसरता येणार नाही.

कारण जतचे दुखणे जुने आहे. कृष्णेचे पाणी उचलून पूर्वेकडे आणणाऱ्या ताकारी-म्हैसाळ योजनेला १९८४ साली मान्यता मिळाली. तरीही त्यानंतर कितीतरी वर्षे तालुक्याच्या पूर्व भागाने वाटच पाहिली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली शहर कृष्णेच्या पुरात बुडाले होते, तेव्हा याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील गावे टँकरवर जगत होती. जतच्या सीमाभागातील गावांनी पाणी मिळत नसेल तर आम्ही कर्नाटकात जातो असा ठराव केला होता. २०२२ च्या अखेरीस कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी त्यावर बोट ठेवले, तेव्हा मुंबईत हालचाल झाली आणि विस्तारित म्हैसाळ योजनेला गती देण्याच्या घोषणा झाल्या. माणसांच्या तहानेने जे झाले नाही ते सीमेच्या अभिमानाने झाले. यावर हसावे की रडावे हे मी आपणावर सोपवितो.

परंतु मोठी योजना येईपर्यंत हातावर हात ठेवून बसावे असे माझे म्हणणे नाही. याच सांगली जिल्ह्याने महाराष्ट्राला वेगळे मार्ग दाखविले आहेत. रोजगार हमीचे जनक वि. स. पागे हे याच जिल्ह्यातील विसापूरचे. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बळीराजा धरण लोकांनी स्वतःच्या श्रमातून उभे केले आणि पाण्यावर सर्वांचा सारखा हक्क मानला. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांनी १९९३ पासून आटपाडीच्या पाणी परिषदांतून दुष्काळी तालुक्यांना एकत्र आणले. या चळवळींनी पाण्याचे वाटप हा राजकारणाचा प्रश्न केला. आता टँकरचे कंत्राट हाही राजकारणाचाच प्रश्न करावा लागेल.

त्यासाठी माझ्या पाच सूचना आहेत.

पहिली, कंत्राटदाराला पैसे गावात पोहोचलेल्या पाण्याचे मिळावेत, धावलेल्या किलोमीटरचे नव्हे. कोणत्या गावाला कोणत्या उद्भवावरून आणि कोणत्या रस्त्याने पाणी द्यावयाचे हे निविदेपूर्वीच जाहीर मोजणीने ठरवावे आणि त्याप्रमाणे दर हजार लिटरचा दर निश्चित करावा. असे झाले तर दूरच्या गावावर अन्याय होणार नाही. नंतर जवळचा उद्भव सापडल्यास वाचलेल्या पैशाचा काही भाग कंत्राटदाराला, काही गावाला द्यावा. म्हणजे अंतर कमी करण्यात त्याचाही स्वार्थ गुंतेल.

दुसरी, पाणी मोजता आले पाहिजे. टँकर विहिरीत ओतला की किती आले आणि किती झिरपले याचा पत्ता लागत नाही, शिवाय पाणी दूषित होते. प्रत्येक टँकरग्रस्त गावात आणि वस्तीवर खुणा आखलेली बंद टाकी हवी. टाकी भरल्याची नोंद गावातील दोन स्त्रियांच्या सहीशिवाय ग्राह्य धरू नये. पाण्याची वाट ज्या पाहतात, त्यांनाच त्याचे माप कळते.

तिसरी, उद्भव जवळ आणावेत. खाजगी विहिरी वेळेवर अधिग्रहित कराव्यात आणि त्यांच्या मालकांचे पैसे थकवू नयेत. म्हैसाळच्या कालव्यावर आणि वाहिन्यांवर जागोजागी टँकर भरण्याची ठिकाणे करावीत, आणि तेथे अखंड वीज द्यावी. रांग मोडली की उभ्या इंजिनाचा धूर आपोआप थांबेल.

चौथी, चालक-क्लीनर यांचे वेतन, तास आणि विमा हा निविदेचाच भाग व्हावा. गाडीची देखभाल, टायरांची हवा, गळकी झाकणे आणि धुराचे प्रमाणपत्र यांची दरमहा तपासणी व्हावी, आणि तिचा खर्च चालकाच्या मजुरीतून कापला जाऊ नये.

पाचवी, प्रत्येक गावाच्या टँकरला अखेरची तारीख असावी. टँकर मंजूर करणाऱ्या आदेशातच लिहिले जावे की या गावाचा टँकर अमुक वर्षी, अमुक नळयोजनेमुळे बंद होईल. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने घरोघरी माणशी ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे मान्य केले. टँकरचे २० लिटर आणि नळाचे ५५ लिटर यांत जे अंतर आहे, ते नागरिकत्वाच्या दोन पायऱ्यांमधील अंतर आहे. गरिबाने कमी पाणी वापरावे आणि त्यासाठी जास्त धूर खावा, असा न्याय कोणत्याही समाजवाद्याला मान्य होणार नाही.

या मागण्यांना विरोध कोठून येईल हे आपण जाणतो. टँकर म्हणजे नुसते वाहन नव्हे. त्याभोवती मतांचे, मर्जीचे आणि मलिद्याचे एक छोटे राज्य उभे राहते. ज्याच्या शिफारशीने टँकर येतो तो पुढारी होतो, आणि नळ आला की त्याचे पुढारीपण ओसरते. आपलाही एखादा कार्यकर्ता या मोहात सापडणे अशक्य नाही. लोकांना टँकर मिळवून देणे हे सेवेचे काम आहे खरे. पण दरवर्षी त्याच गावाला टँकर मिळवून देण्यात धन्यता मानू लागलो, तर आपणही त्या व्यवस्थेचे अडते होऊ.

म्हणून येत्या टंचाईच्या आधी आपापल्या गावी एवढे काम करा. गतवर्षीच्या टँकरच्या खेपा, अंतर आणि भरलेली बिले यांची माहिती माहितीच्या अधिकारात मागवा. गावाच्या नकाशावर जवळच्या जिवंत विहिरी आणि वाहिन्या टिपा. मघाचे अंकगणित आपल्या गावाचे आकडे घालून पुन्हा करा, आणि ग्रामसभेत फळ्यावर लिहा: किती पाणी आले, किती डिझेल जळले, किती पैसे गेले, आणि तेवढ्या पैशात किती नळ टाकता आला असता. लोक शिकलेले असोत वा नसोत, हा हिशेब त्यांना समजेल. तो एकदा समजला, की ग्रामसभेचा ठराव टँकरच्या मागणीने संपणार नाही. तो बंद होण्याची तारीख मागूनच संपेल.